मुलाचा डोळा तिरपा वाटतो? मोबाइलच्या फोटोपासून ऑपरेशनच्या टाक्यापर्यंत

बाजाराच्या दिवशी आमची ओपीडी भरलेली असते, आणि त्या गर्दीत एक आजी हमखास असते जी खुर्चीत टेकायच्या आधीच मोबाइल माझ्यापुढे धरते. "हा बघा उष्टावणाचा फोटो, ह्यात सरळ आहे. आणि हा जाऊळ काढलं तेव्हाचा. दिसला का डावा?" मागे उभी सून हळूच म्हणते, "मी तेव्हाच म्हणत होते. पण घरात सगळे म्हणाले, तिरळं मूल नशीबवान असतं." नातू यातलं काही ऐकत नसतो. तो माझ्या टेबलावरच्या पिवळ्या बदकाकडे बघत असतो आणि मी त्याच्या डोळ्यांकडे. माझी तपासणी तिथूनच सुरू झालेली असते.

मी डोळ्यांची सर्जन. मोतीबिंदू करते, कारण जिल्ह्याच्या गावात ते केल्याशिवाय दवाखाना चालत नाही. पण माझं मूळ शिक्षण तिरळेपणाचं आणि लहान मुलांच्या डोळ्यांचं. या विषयात दोन गैरसमज घट्ट बसलेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक, मूल मोठं झालं की डोळा आपोआप सरळ होतो. दुसरा, मोठ्या माणसाच्या तिरळेपणाचं आता काही होत नाही. पहिल्यामुळे मुलांची नजर जाते. दुसऱ्यामुळे माणसं वर्षानुवर्षं फोटोत मान वळवून उभी राहतात.

मुलाच्या बाबतीत एवढी घाई कशाला?

जन्मलेल्या बाळाला नीट दिसत नसतं. बघायला मेंदू शिकतो, आणि तो शिकतो दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चित्रांवर. एक डोळा तिरपा असला की मेंदूला दोन वेगळी चित्रं मिळतात. मोठ्या माणसाला अशा वेळी एकाचे दोन दिसतात. मुलाचा मेंदू मात्र हुशार, तो नको असलेलं चित्र सरळ बंद करतो. हे काही वर्षं चाललं की डोळा धडधाकट असूनही त्याची नजर कच्ची राहते. याला आम्ही आळशी डोळा म्हणतो, पण नाव चुकीचं आहे. आळस डोळ्याचा नसतो, मेंदूने त्याचं ऐकणं सोडलेलं असतं.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही काळ शिवून ठेवून हेच दाखवलं. पापणी उघडल्यावर डोळा ठीक होता, मेंदूतली त्याची जागा मात्र दुसऱ्या डोळ्याने बळकावलेली होती. मोठ्या मांजरांत तसं झालं नाही. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. आमच्या धंद्यातली सगळी घाई त्या पिल्लांपासून सुरू होते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू मऊ असतो, त्यातही पहिली दोन-तीन वर्षं फार मोलाची.

आधी घरी काय बघायचं

पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात. त्याची काळजी नको. मात्र चार महिन्यांनंतरही तिरपेपणा दिसत असेल, किंवा कोणत्याही वयात एक डोळा सतत वळलेलाच राहत असेल, तर दाखवायचं.

मोबाइलचा फोटो खरोखर कामाचा असतो, फक्त नीट काढलेला हवा. मूल समोर, चेहरा सरळ, नजर कॅमेऱ्यात, फ्लॅश चालू. मग फोटो मोठा करून दोन्ही डोळ्यांतला उजेडाचा ठिपका शोधा. तो दोन्ही बाहुल्यांत एकाच जागी असेल तर बहुधा डोळे सरळ आहेत. नाकाचा पूल रुंद आणि डोळ्याच्या कोपऱ्यावर कातडीची घडी असली की आतला पांढरा भाग झाकला जातो आणि बाळ उगाच तिरळं वाटतं; चेहरा वाढला की हे जातं. "आपोआप बरं झालं" या गोष्टी गावात ऐकू येतात त्या अशा मुलांच्या. त्यांचा डोळा मुळात तिरळा नव्हताच. एका डोळ्यातला ठिपका मात्र कानाच्या बाजूला सरकलेला दिसला, तर तो डोळा नाकाकडे वळलेला आहे.

दुसरी परीक्षा हाताची. मूल खेळण्यात रमलं असताना मागून हळूच एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. उजवा झाकला तर खेळत राहतं आणि डावा झाकला की हात ढकलतं, रडतं? मग उजव्याने कमी दिसत असण्याची दाट शक्यता आहे. या परीक्षेला पैसा लागत नाही, आणि तिरळेपणा नसलेल्या मुलांतही ती उपयोगी पडते, कारण एकाच डोळ्याला मोठा नंबर असलेलं मूल दिसायला अगदी व्यवस्थित असतं.

आणखी दोन खुणा आयांच्या लक्षात येतात पण त्या सांगत नाहीत. उन्हात गेलं की मूल एकच डोळा मिटतं. किंवा टीव्ही बघताना, लिहिताना मान कायम एका खांद्याकडे कललेली असते. उन्हात मिटणारा डोळा बऱ्याचदा अधूनमधून बाहेर सरकणारा असतो. थकल्यावर, तापात, तंद्री लागली की तो दिसतो आणि डॉक्टरसमोर नेमका शहाण्यासारखा सरळ राहतो. म्हणून तो दिसेल तेव्हा व्हिडिओ काढून ठेवा. मान कलणाऱ्या मुलांना मानेचे व्यायाम सुरू झालेले असतात. मानेआधी डोळे तपासून घ्यावेत, कारण डोळ्याचा एक स्नायू कमजोर असला तर मूल मान कलवून दोन चित्रं एकत्र आणत असतं.

पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट न बघता आजच निघा

फोटोत एका बाहुलीत लाल किंवा काळ्याऐवजी पांढरी चमक दिसली, तर त्याच आठवड्यात, जमलं तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठा. एखाद्या वेळी ती फोटोच्या कोनामुळे असते. पण तो मोतीबिंदू असू शकतो, आणि पडद्याचा कॅन्सरही. तो वेळेत सापडला तर मुलाचा जीव हमखास म्हणावा इतक्या वेळा वाचतो, अनेकदा डोळाही. जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन तर बाळ सहा-आठ आठवड्यांचं असतानाच करायचं असतं. "एवढ्याशा जिवाला भूल?" हा प्रश्न मला पाठ आहे. उत्तर हो.

बाळाचे डोळे फार मोठे, बुबुळ निळसर-धुरकट, पाणी वाहतंय आणि उजेडात डोळे उघडत नाही, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. आपल्याकडे अशा डोळ्यांचं कौतुक होतं, काजळ घालून दृष्ट काढली जाते. काजळाचं बोट तूर्त बाजूला ठेवा आणि निघा.

मोठ्या मुलाला अचानक तिरळेपणा आला आणि सोबत डोकेदुखी, उलट्या किंवा एकाचे दोन दिसणं असेल, तर डोळ्यांच्या दवाखान्याच्या रांगेतही न थांबता मोठं रुग्णालय गाठा. आणि बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत त्याचा पडदा तपासलाच पाहिजे. त्याहून फार लहान बाळांचा दोन-तीन आठवड्यांतच. काचेच्या पेटीतून बाळ घरी आलं या आनंदात ही तारीख विसरली जाते. डिस्चार्ज कार्डावर लाल पेनाने लिहून घ्या.

कुणाकडे जायचं, कसं जायचं

चष्म्याच्या दुकानातलं कॉम्प्युटरचं मशिन लहान मुलाचा नंबर चुकवतं. मुलाचा डोळा आत जोर लावतो आणि नसलेला मायनस नंबर छापून येतो. म्हणून पहिली तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच, आणि त्यांनी बालनेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं तर प्रवासाचा कंटाळा करू नका.

सरकारी वाटही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात आणि पुढचे उपचार मोफत होतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. खासगीत ऑपरेशन ठरलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला विचारा, तुमची शस्त्रक्रिया बसते का.

जाताना मुलाचं पोट भरलेलं आणि झोप झालेली असावी. जुने फोटो, जुना चष्मा, आधीचे कागद बरोबर. आणि "सुई टोचतील हं" असं चुकूनही सांगू नका. आम्ही टोचत नाही, पण तुम्ही सांगितल्यावर तासभर आमच्या हाती काही लागत नाही.

थेंब, मलम आणि तीन दिवसांनी पुन्हा

पहिल्या भेटीत आम्ही डोळा आळीपाळीने झाकतो, लोलक धरून कोन मोजतो, चित्रं ओळखायला लावतो. मग बाहुली मोठी करून नंबर काढायचा आणि पडदा बघायचा. लहान मुलांत, त्यातही डोळा आत वळलेला असेल तर, अ‍ॅट्रोपिनचं मलम घरून तीन दिवस घालून यायला सांगतात. डोळ्याचा आतला जोर पूर्ण सैल पडल्याशिवाय खरा प्लस नंबर कळत नाही.

मलम तांदळाच्या दाण्याएवढंच. घातल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, उरलेलं पुसा, स्वतःचे हात धुवा. गाल लाल झाले, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं, मूल किरकिर करायला लागलं, तर पुढचा डोस न घालता फोन करा. ट्यूब मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. पोटात गेली तर विषबाधा होते. बाहुली दहा-बारा दिवस मोठी राहू शकते, तेवढे दिवस ऊन टोचेल आणि जवळचं धूसर दिसेल. शाळेत बाईंना सांगून ठेवा.

चष्मा, आणि माझी एक चूक

डोळा आत वळलेल्या पुष्कळ मुलांत कारण मोठा प्लस नंबर असतो. स्पष्ट बघायला डोळा जोर लावतो, आणि त्या जोराबरोबर दोन्ही डोळे आत ओढले जातात. पूर्ण नंबरचा चष्मा लावला की जोर संपतो आणि डोळा सरळ. ऑपरेशन लागतच नाही.

नवी असताना एका आईला मी चष्मा लिहून दिला आणि "महिन्याने या" म्हणाले. ती आली ती चार महिन्यांनी, चष्म्याशिवाय. "चष्म्याने जास्त बिघडलं. काढला की पहिल्यापेक्षा जास्त आत जातो, म्हणून फेकून दिला." चूक माझी होती. चष्मा काढल्यावर डोळा आत जाणारच, किंबहुना जास्त ठळक दिसेल, हे मी सांगितलंच नव्हतं. आता मी प्रत्येकाला ते तिथेच दाखवते: चष्मा घालून सरळ, काढून तिरळा, घालून सरळ. आई-बापांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की चष्मा टिकतो.

चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत. काच प्लास्टिकची, फ्रेम नाकावर बसणारी, मागे इलॅस्टिक. आजोबांना "एवढ्याशा पोराला भिंग" आवडत नाही. त्यांना तपासणीला बरोबर आणा.

पट्टीचे महिने

हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा, आणि माझ्या मते ऑपरेशनपेक्षा महत्त्वाचा.

पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं, आणि खरोखर काही घरांत आठवडाभर कच्च्या डोळ्यावर पट्टी लावली गेलेली असते. चांगला झाकला की कच्च्याला काम करावंच लागतं. आधी नुसता चष्मा काही आठवडे देऊन बघतात, तेवढ्यानेही नजर बरीच सुधारते. मग पट्टी: मध्यम कच्चेपणाला दिवसातून दोन तास पुरतात हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांनी २००३ मध्ये दाखवलं, फार कच्च्या डोळ्याला सहा तासांच्या आसपास. आधी आम्ही दिवसभर बांधायला सांगायचो आणि घराघरांत रणं व्हायची.

पट्टी थेट कातडीला चिकटणारी हवी, वर चष्मा. चष्म्याच्या काचेवर कापड लावलं तर मूल फटीतून बघतं. मुलं याबाबतीत वकील असतात. कातडी लाल झाली तर रोज चिकटवण्याची दिशा बदला, रात्री थोडं खोबरेल लावा, सकाळी धुऊन टाका. वेळ ठरलेली असू द्या: शाळेतून आल्यावर, खाऊ झाला की पट्टी. त्या दोन तासांत जवळचं काम द्या. रंगवणं, मणी ओवणं, वाटाणे सोलणं, आजीबरोबर तांदूळ निवडणं. वर्तमानपत्रातल्या मोठ्या अक्षरांतले सगळे 'क' शोधून त्यांना गोल करायला लावा. माझ्याकडच्या मुलांना हा खेळ फार आवडतो. अगदीच ऐकत नसेल तर मोबाइलवर कार्टून लावा, मी रागावणार नाही.

पहिला आठवडा वाईट जातो. मूल अडखळतं, चिडतं, पट्टी ओढतं. कच्च्या डोळ्याने त्याला खरंच कमी दिसतंय, हट्ट नाही तो. बाहुलीलाही पट्टी लावा, बाबांनाही लावा, कॅलेंडरवर रोज एक टिकली चिकटवा. पट्टी काही केल्या जमत नसेल तर चांगल्या डोळ्यात शनिवार-रविवारी अ‍ॅट्रोपिन घालून तो धूसर ठेवता येतो. काही मुलांत तेवढंच काम होतं. ते डॉक्टरांना विचारून.

दीड-दोन महिन्यांनी तपासणी चुकवू नका. क्वचित चांगल्या डोळ्याचीच नजर दबते, ते वेळेत बघावं लागतं. आणि दोन्ही डोळे सारखे झाले म्हणून पट्टी एका दिवसात बंद करू नका, हळूहळू कमी करतात. पट्टी थांबवल्यावर वर्षभरात सुमारे एक चतुर्थांश मुलांची नजर पुन्हा घसरते. आठ-नऊ वर्षांनंतर आलात तरी प्रयत्न करायचा. काही मुलांत, अगदी किशोरवयातही, अक्षरांच्या तक्त्यावरच्या दोन-तीन ओळी जास्त वाचता येतात. फक्त हमी नाही.

ऑपरेशन: नेमकं काय करतात

"डोळा बाहेर काढून परत बसवतात ना?" नाही. कधीच नाही.

प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू चिकटलेले असतात, बैलाच्या कासऱ्यांसारखे. त्यांतला एखादा जास्त ओढत असेल तर तो सोडवून मागे शिवायचा, म्हणजे ढिला पडतो. कमी ओढणारा आखूड करून पुन्हा जागेवर शिवायचा. पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण बाजूला करून हे होतं. डोळ्याच्या आत आम्ही शिरतही नाही. आत वळलेल्या डोळ्यांत आतले स्नायू कोनाप्रमाणे साधारण ३ ते ६ मिलिमीटर मागे नेतात. एवढ्याशा अंतरावर सगळा हिशोब.

पहिलं यशस्वी ऑपरेशन १८३९ साली बर्लिनमध्ये डिफेनबाख या सर्जनने सात वर्षांच्या मुलावर केलं. तेव्हा भूल नव्हती! आज मुलांना पूर्ण भूल देतात. त्याची तयारी मुख्यतः घरी असते: जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. "एकच बिस्किट दिलं" म्हणून आम्ही ऑपरेशन पुढे ढकलतो, कारण भुलेत उलटी श्वासात जाऊ शकते. घरात कुणाला भुलेत फार ताप भरला होता किंवा काही अघटित घडलं होतं का, हे न विचारता सांगा. सर्दी-खोकला असेल तर तेही. स्नायू ओढला की काही मुलांचे ठोके अचानक मंदावतात. भूलतज्ज्ञ मॉनिटरवर नजर ठेवून असतात, मी हात सोडते, ठोके परत येतात. म्हणून भूलतज्ज्ञाला मुलांचा अनुभव हवा.

मूल बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातं. उलट्या होऊ शकतात. पाणी, मग पेज, घाई नाही. डोळा लालभडक दिसेल, पहिल्या सकाळी अश्रूंना रक्ताची छटा असेल. दोन ते सहा आठवड्यांत लाली जाते, टाके आपोआप विरघळतात. थेंब वेळेवर घाला. डोक्यावरून पाणी, पोहणं, माती-वाळूतले खेळ डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद. दुखणं आणि सूज कमी होण्याऐवजी वाढली, पू आला किंवा दिसणं कमी झालं, तर रात्र असली तरी फोन करा.

आधी सांगितलं नाही तर नंतर भांडण होतं अशा तीन गोष्टी: चष्मा सुटत नाही. कच्ची नजर ऑपरेशनने सुधारत नाही, म्हणून पट्टी आधी, आणि लागली तर नंतरही. आणि साधारण पाचांत एखाद्याला पुढे कधी तरी दुसरं ऑपरेशन लागतं. ते पहिलं फसल्याचं लक्षण असेलच असं नाही. मूल वाढतं, मेंदू आपलं काही तरी करत राहतो.

मोठ्या माणसांचं

एक शिक्षिका आल्या होत्या, चाळिशीच्या उंबरठ्यावर. वर्गात "तू सांग" म्हटलं की दोन मुलं एकदम उभी राहतात, एवढंच त्यांनी सांगितलं आणि रडायला लागल्या. लहानपणी कुणी तरी "वय निघून गेलं" म्हणून परत पाठवलं होतं.

लहानपणचा तिरळेपणा तिशीत, पन्नाशीत, सत्तरीतही सरळ करता येतो. कच्ची राहिलेली नजर बहुधा येत नाही, पण डोळा सरळ होतो, आत वळलेल्यांना बाजूचं जास्त दिसायला लागतं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलता येतं. मोठ्यांत एक सोय आहे: टाक्याला सरकगाठ ठेवायची, भूल उतरली की माणसाला बसवून कोन बघायचा आणि दोरा थोडा ओढून-सोडून पक्का करायचा. मुलं हे सहन करत नाहीत. विमा कंपनी याला सौंदर्योपचार म्हणू शकते. दृष्टी, दुहेरी दिसणं, मानेची ठेवण यांच्या नोंदी डॉक्टरांच्या पत्रात लिहून घ्या, आणि मंजुरी आधीच मागा.

मोठेपणी नव्याने आलेला तिरळेपणा ही मात्र वेगळी गोष्ट. एकाचे दोन दिसायला लागले आणि एक डोळा झाकला की थांबतं, तर बऱ्याचदा मधुमेह किंवा रक्तदाबाने डोळ्याची नस दुखावलेली असते. साखर आवरली तर तीनेक महिन्यांत बहुतेकांचं सुधारतं. तोवर चष्म्याच्या एका काचेला चिकटपट्टी लावा आणि गाडी चालवू नका. पापणी खाली आली, बाहुली मोठी झाली आणि डोकं भयंकर दुखतंय, तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते. घरी लिंबू-मिठाचे प्रयोग करत बसू नका, तातडीने मोठं रुग्णालय. एकाचे दोन दिसण्याचं थायरॉइड हे आणखी एक कारण. नस सुधारण्यासाठी साधारण सहा महिने थांबतात, कोन स्थिर झाला की मग ऑपरेशनचा विचार. काहींना मध्यंतरी स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. हो, तेच सुरकुत्यांचं. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठीच तयार केलं होतं. १९८९ मध्ये अमेरिकेत पहिली परवानगी तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी मिळाली. नट्या नंतर आल्या.

हे काम शिकायचं असेल तर

दहावी-बारावीची मुलं कधी कधी आई-बापांच्या मोतीबिंदूच्या निमित्ताने येतात आणि विचारतात. बारावीला जीवशास्त्र, 'नीट' ही प्रवेशपरीक्षा, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, सरकारी महाविद्यालय असेल तर बंधपत्राची सेवा, पुन्हा 'नीट', मग डोळ्यांच्या शाखेतलं तीन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, एमएस किंवा डीएनबी. त्यानंतर मुलांचे डोळे आणि तिरळेपणा यांची फेलोशिप, वर्ष ते दोन वर्षं, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय इथे ती होते. तिशी उलटते.

हात थरथरतात का, हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. सुरुवातीला सगळ्यांचे थरथरतात. अरविंद नेत्रालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू करणारे डॉ. वेंकटस्वामी यांची बोटं तर संधिवाताने वाकडी झाली होती. त्यांनी स्वतःसाठी हत्यारं बदलून घेतली आणि ऑपरेशनं केली. आम्ही सराव केला तो बकऱ्यांच्या डोळ्यांवर. सकाळी खाटकाकडून डबा यायचा, आणि वास तुमच्या एप्रनला दिवसभर. स्नायू जिथे डोळ्याला चिकटतो त्याच्या लगेच मागे डोळ्याची भिंत सगळ्यात पातळ असते, जेमतेम ०.३ मिलिमीटर. सुई त्या भिंतीच्या आतून सरकवायची असते, आरपार न जाता. तिचं टोक पापुद्र्याखालून चालताना दिसत राहिलं पाहिजे. ते दिसेनासं झालं की थांबायचं. शंभर बकऱ्यांनंतर कधी तरी हाताला ते आपोआप कळायला लागतं.

महाराष्ट्रात डोळ्यांचं ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदू, आणि मोतीबिंदू म्हणजे जे. जे. रुग्णालय आणि डॉ. तात्याराव लहाने, हे समीकरण घराघरांत आहे. त्यात चूक काही नाही, पण त्यामुळे या शाखेकडे फारसं कुणी वळत नाही. पैसा तुलनेने कमी, मूल तपासायला वेळ तिप्पट, आणि तपासणीत कधी कधी गालावर लाथ. तरी यायचं असेल तर एक सल्ला: खेळणी स्वतः जमवा. आमच्यात नियम आहे, एक खेळणं एक नजर. दुसऱ्यांदा त्याच खेळण्याकडे मूल बघत नाही. मी दर जत्रेत पन्नास-शंभर रुपयांची खरेदी करते. दुकानदार हौसेने वाजणारी दाखवतो, आणि मी ती परत करते. वाजणाऱ्या खेळण्याकडे मूल कानाने वळतं, आणि त्याला दिसतंय की नाही ते कळायचं राहून जातं. माझं पिवळं बदक त्यासाठीच मुकं आहे. त्याची शिट्टी मी पहिल्याच दिवशी कात्रीने कापून टाकली.